शिक्षक मिळेनात, तेव्हा आमच्या मिशन शाळेनं काय केलं

३१ मे २०२२ ला आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि निघताना त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटाची यादी माझ्या हातात ठेवली. वहीच्या दोन पानांवर त्यांच्याच अक्षरात: काचेचे ठोकळे चार, त्यातला एक कोपऱ्याला उडालेला, बहिर्गोल भिंगं सहा, परीक्षानळ्या मोजून एकतीस. "नवीन सर येतील त्यांना द्या," म्हणाले. नवीन सर येणार नव्हते. त्यांनाही ते ठाऊक होतं, मलाही.

गोदाकाठच्या एका तालुक्यात आमची ही छोटी मिशन शाळा आहे. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, पूर्ण अनुदानित. त्या वर्षी पट २१४ होता. त्यातली पाव मुलं ख्रिस्ती, बाकीची शेतमजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, बाजारात छोटी टपरी असणाऱ्यांची. ज्यांना फी झेपते त्यांची मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसून आमच्या फाटकावरूनच पुढे जातात. म्हणजे आमच्याकडे जे येतात त्यांना दुसरी वाट नसते. त्यांचा विज्ञानाचा तास रिकामा गेला, तर त्याची भरपाई करणारा क्लास त्यांच्या घरी कोणी लावणार नसतं. पुढे जे सांगते आहे त्यातला प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर येऊन थांबला.

सर गेले तेव्हा मी शिक्षकांची जन्मसालं एका कागदावर लिहून काढली. हे काम मी दहा वर्षं आधी करायला हवं होतं. मंजूर पदं आठ, आणि आठातले पाचजण १९६४ ते १९६८ या काळात जन्मलेले. सगळे नव्वदीच्या दशकात एका दमात लागलेले आणि ५८ व्या वर्षी एका दमात जाणारे. चाळिशीच्या आतलं कोणी नाहीच. २ मे २०१२ च्या शासन निर्णयानं शिक्षक भरतीवर बंदी आली, आधी अतिरिक्त ठरलेल्यांचं समायोजन आणि मग नवी भरती असं धोरण आलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या शाळेच्या पायरीवर एकही नवा शिक्षक चढला नाही. त्या वेळी आम्ही म्हणायचो, चालतंय, आहेत सर. पण विशीतली माणसं आत घेतली नाहीत, तर दहा वर्षांनी पस्तिशीतली कुठून येणार? २०२३ च्या जूनमध्ये गणिताचे सर गेले. त्याआधी हिंदीच्या बाईंनी आजारपणामुळे स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. आठातली तीन पदं रिकामी, आणि त्यातली दोन गणित-विज्ञानाची.

पहिलं वर्ष आम्ही ठिगळं लावण्यात घालवलं. शेजारच्या गावातले एक निवृत्त शिक्षक तासिका तत्त्वावर यायला तयार झाले. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, तरी एसटीनं येत. पुढे २०२३ च्या जुलैत सरकारनंही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी निवृत्त शिक्षक २०,००० रुपये मानधनावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ही अडचण एकट्या आमची नाही हे कळलं. आम्ही सरांना त्याच्या अर्धंही देऊ शकत नव्हतो. तेही २०२२ च्या डिसेंबरातच थांबले होते. मग भूगोलाच्या बाईंनी जीवशास्त्राचे धडे घेतले, मी रसायनाचे घेतले. माझी पदवी मराठीची. रासायनिक समीकरणं मी आदल्या रात्री पाठ करून जायची आणि एखाद्या मुलानं "का?" विचारलं की फळ्याकडे वळायची.

२०२३ च्या दहावीच्या निकालात एका मुलीला मराठीत ८४, सामाजिक शास्त्रांत ८१ आणि विज्ञानात ३९ गुण पडले. तिला परिचारिका व्हायचं होतं. तिची आजी मिशनच्या दवाखान्यात आया होती, ते घरात ऐकत ती वाढली होती. सायन्सला जायचं धाडस तिनं केलं नाही, कला शाखेत गेली. दाखला न्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "बाई, तुम्ही खूप शिकवलंत." मी तिला काही बोलू शकले नाही. ते ३९ गुण तिचे नव्हते, आमचे होते.

दरम्यान मी चर्चच्या पाळकसाहेबांना विनंती केली होती की रविवारी उपासनेनंतर मला पाच मिनिटं द्या. मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, उभी राहिले आणि सांगितलं, आपल्या शाळेला शिक्षक हवेत, आपल्या घरातली कोणी मुलं-मुली या मार्गानं जाणार असतील तर भेटा. सगळ्यांनी माना डोलावल्या, दोन-तीन वडीलधाऱ्यांनी "फार गरजेचं बोललात" म्हणून हात जोडले. भेटायला एकजण आली. बी.एस्सी. झालेली, औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात कामाला, आमचीच माजी विद्यार्थिनी. तिनं चर्चच्या पायरीवर बसून मला हिशेब सांगितला. बी.एड. आता दोन वर्षांचं. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. मग जागा मिळाली तर तीन वर्षं शिक्षण सेवक, आणि माध्यमिकला महिन्याचं मानधन ८,००० रुपये. "मला शिकवायला आवडतं बाई, शब्बाथ शाळेत मी शिकवतेच ना? पण माझ्या पगारावर धाकट्याचं शिक्षण चाललंय."

मी घरी आले आणि खूप वेळ त्यावर विचार करत राहिले. आपण मंडळीत उभं राहून सेवाभावाची हाक देतो तेव्हा ती कोणाला देतो? ज्या घरात आधीच कोणीतरी कमावता आहे, त्याच घराला ती परवडते. माझे आजोबा मिशनचे मास्तर होते. वाड्या-वस्त्यांवर जाऊन दिवसा मुलांना शिकवायचे, रात्री मोठ्यांना अक्षरं आणि भजनं. लोक त्यांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतात आणि त्या खऱ्याच आहेत. पण मिशननं त्यांना राहायला खोली दिली होती, दर महिन्याला पगार येत होता आणि त्याआधी त्यांना नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत, स्वखर्चानं नव्हे, मिशनच्या खर्चानं शिकवलं होतं. हा भाग आम्ही गोष्टीतून गाळून टाकला होता.

आमच्या भागात सिंथिया फॅरार बाईंचं नाव अजून घेतलं जातं. अमेरिकन मराठी मिशनच्या या बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये तिथंच त्या वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही हे भाषणात सांगतो. पण त्या वर्षी ते सांगताना मला वेगळंच जाणवलं. शिक्षिका हव्यात म्हणून फॅरार बाई कोणाकडे मागायला गेल्या नव्हत्या. त्या काळात मराठी शिकवणाऱ्या बायका होत्याच कुठे? त्यांनी मुलींना शिकवलं आणि त्यातून शिक्षिका तयार केल्या. आम्ही मात्र तयार शिक्षक अर्ज घेऊन दारात येईल याची वाट बघत बसलो होतो.

तरी दारात येणाऱ्याची वाट तर काढायलाच हवी होती, म्हणून २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही भरतीची प्रक्रिया सुरू केली. महाराष्ट्रात खासगी अनुदानित शाळांची शिक्षक भरती आता सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. उमेदवारानं अभियोग्यता चाचणी द्यायची, गुणांनुसार त्याचं नाव येतं. अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळलं आहे. राज्यघटनेच्या कलम ३०(१) नं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि शिक्षक निवडणं हा चालवण्याचाच भाग. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातही अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी तिघांपर्यंत माणसांच्या भरतीत विशेष मोकळीक आहे. बाकी नियम आम्हालाही आहेतच: ३० सप्टेंबरच्या पटावर ठरणारी संच मान्यता (म्हणजे मंजूर पदांची संख्या), अतिरिक्त शिक्षकांच्या यादीबाबत विचारणा, ना हरकत, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, शाळा समितीची निवड, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शेवटी सरकारी वेतनप्रणालीतला शालार्थ आयडी. त्या आयडीशिवाय पगारपत्रकात नाव येत नाही.

जाहिरात छापून आली त्याच संध्याकाळी मला एका उमेदवाराच्या वडिलांचा फोन आला. शेतकरी माणूस, आवाजात अजीजी. "मॅडम, जागेचं काय ठरलंय ते एकदा सांगा. म्हणजे मला दोन एकराचा व्यवहार करायला बरं."

त्यांनी हे लाच म्हणून विचारलंच नव्हतं. फी विचारावी तसं विचारलं होतं. अनुदानित शाळेतली जागा अशीच मिळते हे त्यांनी गावात पाहिलेलं होतं.

मी ती गोष्ट विश्वस्तांच्या बैठकीत सांगितली. तिथं जे झालं ते सांगणं मला जड जातं, पण सांगितलं पाहिजे. एका विश्वस्तांनी विचारलं, "शाळेचं छप्पर गळतं आहे. इमारत निधी म्हणून कोणी स्वखुशीनं दिलं तर?" त्यांना स्वतःसाठी एक रुपया नको होता, हे मी जाणते. छप्पर खरंच गळत होतं. दोन तास चर्चा झाली. शेवटी आमच्यातले सगळ्यात वयस्कर सभासद, जे शाळेत शिपाई होते आणि आता मंडळीचे वडील आहेत, ते बोलले. "घटनेनं आपल्याला माणूस निवडायचा हक्क दिला. आपण तो विकला तर निवडायला उरलं काय? ज्याच्याकडे दोन एकर आहे तोच येणार." ठराव झाला आणि इतिवृत्तात शब्दशः लिहिला गेला: उमेदवाराकडून, त्याच्या नातेवाइकांकडून, कोणत्याही नावानं, नेमणुकीआधी वा नंतर, रक्कम घेतली जाणार नाही. त्याची प्रत आम्ही मुलाखतीच्या दिवशी फाटकावर चिकटवली. फोन करणाऱ्या त्या वडिलांना मी स्वतः कळवलं, जमीन विकू नका.

दुसरा वाद याहून अवघड होता. शिक्षक ख्रिस्तीच हवा का? काहींचं म्हणणं सरळ होतं: शाळा मंडळीनं उभी केली, परिपाठात प्रार्थना होते, मुलांना प्रेमाची आणि क्षमेची शिकवण मिळावी म्हणूनच तर शाळा आहे. मग शिक्षकच त्या विश्वासातला नसेल तर ही मिशन शाळा कशी? मला हे म्हणणं परकं नाही. माझा जन्म त्याच मिशन कंपाउंडमधला आहे. पण अर्ज मोजले तेव्हा गणित आणि विज्ञान मिळून ४३ आले होते आणि त्यातले ख्रिस्ती उमेदवार चार. शिवाय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, हे घटनेच्या कलम २८(३) मध्ये आहे आणि ते योग्यच आहे. म्हणजे आमची शिकवण मुलांपर्यंत पोचणार असेल तर ती मुख्यतः वागण्यातूनच पोचणार. मग आम्ही असं ठरवलं की विश्वास ही अट नको, पण शाळेचा हेतू प्रत्येकाला आधी समजावून सांगायचा आणि त्याला तो मान्य आहे का ते बघायचं.

मुलाखतीऐवजी आम्ही दिवसभर प्रत्यक्ष पाठ घेतले. प्रत्येक उमेदवाराला आठवीचा वर्ग आणि वीस मिनिटं. मागच्या बाकावर समिती, आणि आमच्यासोबत दहावीतली दोन मुलं. मुलांना मत विचारावं ही सूचना भूगोलाच्या बाईंची. आधी मी नाखूश होते, पण मुलांनी जे टिपलं ते आम्हाला दिसलंच नव्हतं. एका उमेदवाराबद्दल एक मुलगी म्हणाली, "सर छान शिकवतात, पण उत्तर चुकलं की ते दुसऱ्या मुलाकडे बघतात." दुसऱ्या एका तरुणानं अपूर्णांक शिकवताना ऊसतोडीवरून उशिरा आलेल्या एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्या मुलाला पाढे येत नव्हते, वर्ग हसायला लागला. तो तरुण खडू खाली ठेवून त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि जमिनीवर भाकरीचे तुकडे काढून दाखवत राहिला. वीस मिनिटं संपली, त्याचा पाठ अर्धवट राहिला. त्याचीच निवड झाली. तो ख्रिस्ती नाही. आज परिपाठाला तो मुलांच्या रांगेमागे हात बांधून शांत उभा असतो, आणि शनिवारी दुपारी पाढे न येणाऱ्यांना घेऊन चिंचेखाली बसतो. मिशन शाळेतला शिक्षक कसा असावा असं मला कोणी विचारलं तर मी त्या चिंचेकडे बोट दाखवीन.

विज्ञानाच्या जागी एक ख्रिस्ती मुलगी लागली. दूरच्या जिल्ह्यातली, हुशार, टीईटी आणि अभियोग्यता चाचणी दोन्ही दिलेली. २०२४ च्या जानेवारीत दोघं रुजू झाले, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तिथंच आमची चूक झाली.

नेमणूक म्हणजे पगार नव्हे. मान्यतेची फाइल आम्ही तीन वेळा दिली. एकदा जातपडताळणीची प्रत मागितली गेली, एकदा जाहिरातीचं मूळ कात्रण, एकदा पटाच्या आधार पडताळणीचा मेळ. मी बसनं जायची, बाकावर बसायची, परत यायची. फाइल बघणारे कारकून तीन माणसांचं काम एकटे करत होते, हेही मला दिसत होतं. नंतर २०२५ मध्ये नागपुरातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा ही छाननी किती गरजेची आहे तेही पटलं. पण छाननी चालू असताना शिक्षकानं खायचं काय, याचं उत्तर त्या प्रक्रियेत कुठंच नाही. शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ च्या फेब्रुवारीत वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं होतं, पण आमच्या दोघांच्या हाती त्यातलं काही पडत नव्हतं. संस्थेनं मंडळीच्या दानार्पणातून आणि माजी विद्यार्थ्यांकडून गोळा करून प्रत्येकी ९,००० देणं सुरू केलं. गणिताचे सर घरून मोटारसायकलनं येत, त्यांचं कसंबसं भागलं. विज्ञानाच्या बाई बसस्टँडमागे एका खोलीत भाड्यानं राहत होत्या. एकट्या. संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही सगळे आपापल्या घरी जायचो. जुलैमध्ये त्यांची जिल्हा परिषदेत निवड झाली, स्वतःच्या जिल्ह्यात. राजीनामा देताना त्या रडल्या. म्हणाल्या, "शाळा सोडावीशी वाटत नाही, पण इथं मला सहा महिन्यांत कोणी जेवायला बोलावलं नाही."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे कारण ते कोणत्याही शासन निर्णयात येत नाही. आम्ही ख्रिस्ती शाळा. पाहुणचाराची, अनोळख्याला घरात घेण्याची वचनं आमच्या भिंतीवर रंगवलेली आहेत. आणि मंडळीतल्या साठ घरांपैकी एकानंही, माझ्यासकट, त्या मुलीला रविवारी उपासनेनंतर घरी नेलं नव्हतं.

त्या महिन्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. मिशन कंपाउंडमधली जुनी मास्तरांची खोली, जिथं फुटकी बाकं ठेवलेली होती, ती मोकळी करून घेतली. पन्हाळी बदलली, न्हाणीघर बांधलं, चुना दिला. आता कोणीही नवा शिक्षक आला तर त्याला पहिली दोन वर्षं ती खोली बिनभाड्यानं मिळते. दुसरं म्हणजे नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी आठवड्याला चार तासिका कमी द्यायच्या आणि त्या वेळात त्यानं एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागे बसायचं, असं ठरवलं. ओझं आमच्यावर वाढलं, पण गणिताच्या सरांनी नंतर सांगितलं की सुरुवातीला हे असतं तर पहिले तीन महिने त्यांनी रोज रात्री नोकरी सोडायचा विचार केला नसता.

विज्ञानाचा तास पुन्हा रिकामा झाला होता. तेव्हा आम्ही तो दरवाजा वाजवला जो आमच्या आजोबांनी कधी वाजवला नसता. आमच्यापासून अकरा किलोमीटरवर कॅथलिक सिस्टरांची शाळा आहे. आम्ही प्रोटेस्टंट. दोन्ही मंडळ्यांमध्ये सोयरिकीसुद्धा अवघडच होतात, शाळांचं तर येणं-जाणंच नव्हतं. मी आणि पाळकसाहेब तिथं गेलो आणि सरळ विचारलं: तुमच्या भौतिकशास्त्राच्या सिस्टर आठवड्यातून दोन दिवस आम्हाला द्याल का? सिस्टरांची मुख्याध्यापिका हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे इंग्रजीला कोणी नाही. तुमच्याकडे आहे ना?" होतं. इतकी वर्षं अकरा किलोमीटरवर एकीकडे विज्ञान आणि दुसरीकडे इंग्रजी होतं, आणि दोन्हीकडची मुलं नापास होत होती.

२०२४ च्या ऑगस्टपासून सिस्टर बुधवारी आणि शनिवारी आमच्याकडे येतात, आमच्या इंग्रजीच्या बाई सोमवारी-गुरुवारी तिकडे जातात. दोन्ही संस्थांनी ठराव केले, गाडीभाडं अर्धं-अर्धं. वेळापत्रक जुळवायला मला तीन रविवार लागले. सिस्टर आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं आणि जुन्या सरांची यादी शेजारी ठेवून एकेक वस्तू तपासली. परीक्षानळ्या एकोणीस निघाल्या.

आणि आणखी एक काम, याआधीच सुरू केलेलं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०२४ च्या सुरुवातीला, हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत, पाळकसाहेबांनी त्या दिवसाचं सगळं दानार्पण शिक्षक तयार करण्यासाठी वेगळं ठेवलं. धान्य आलं, कोंबड्या आल्या, त्यांचा लिलाव झाला. एका माजी विद्यार्थ्यानं, जो आता पुण्यात गॅरेज चालवतो, वर्षाला एकाच्या बस पासची जबाबदारी घेतली. या निधीतून दोघांना मदत द्यायची ठरली. बंधपत्र लिहून घ्यायचं का यावर बरीच खडाजंगी झाली. मी विरोध केला. ज्या मुलीला कर्जासारखं बांधून आणलं ती वर्गात मोकळी कशी राहील? आम्ही एवढंच मागितलं की शिकत असताना सुट्टीत आमच्या मुलांना शिकवा, आणि पुढे जिथं लागाल तिथं गरिबाच्या मुलाला आधी बघा. ती मुलं आमच्या शाळेत आली नाहीत आणि दुसऱ्या कोणत्या खेड्यातल्या शाळेत गेली, तरी तो शिक्षक कुठल्यातरी रिकाम्या वर्गातच जाणार आहे.

चर्चच्या पायरीवर बसून हिशेब सांगणारी ती औषध कारखान्यातली मुलगी आठवते? पहिला अर्ज तिचा होता. मानधन वाढलं होतं, धाकटा आयटीआय होऊन कामाला लागला होता, आणि फीची सोय झाली होती. सेवाभाव तिच्यात २०२२ लाही होताच.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबाबतचा निकाल आला. सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी हवी, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं, पाचांहून कमी असेल तर नोकरी राहील पण बढती नाही. अल्पसंख्याक शाळांना हे लागू होईल का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यासाठी पाठवला गेला, कारण सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४ च्या प्रमती निकालानं शिक्षण हक्क कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरवलं होतं. म्हणजे आम्हाला तूर्त थांबायला जागा होती. त्या संध्याकाळी आमच्या शिक्षकखोलीत पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्या दोन बाई गप्प बसून होत्या. एकीचं वय ४७. चोवीस वर्षं उत्तम शिकवलेली बाई. "आता या वयात परीक्षा?"

कोणी म्हणालं, आपल्याला नाही लागू, कशाला काळजी. मला ते पटलं नाही. घटनेचं कवच आहे ते शाळेचं वेगळेपण राखायला आहे. आमची मुलं कमी तयारीच्या शिक्षकाकडून शिकावीत यासाठी ते नाही. दुसरीकडे, चोवीस वर्षांचं काम एका पेपरवर तोलणंही मला अन्यायाचं वाटतं, आणि मी ते संस्थेच्या बैठकीत बोलले. दोन्ही खरं आहे. शेवटी आम्ही ठरवलं की निकाल काहीही लागो, दर गुरुवारी शाळा सुटल्यावर दीड तास सगळ्यांनी एकत्र अभ्यास करायचा. बालमानसशास्त्र मी घेते, गणित आमचे तरुण सर घेतात. पहिल्या गुरुवारी त्या बाई वही-पेन घेऊन बाकावर बसल्या आणि त्यांना शिकवणारा सर त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्यानं चुकलेल्या उत्तरावर नजर न फिरवता तेच उदाहरण पुन्हा घेतलं. सिस्टरांच्या शाळेतले दोघेही आता गुरुवारी येतात.

आज आठातली दोन पदं रिकामी आहेत. हिंदीसाठी ना हरकत मागितली आहे, उत्तर यायचं आहे. विज्ञानाची जाहिरात पुढच्या महिन्यात द्यायची आहे, मसुदा माझ्या टेबलावर आहे. गणिताच्या सरांचा शालार्थ आयडी २०२५ च्या एप्रिलमध्ये आला आणि पहिलं मानधन जमा झालं त्या दिवशी त्यांनी शाळेला पेढे वाटले. संस्थेनं दिलेले पैसे परत करायला आले होते, विश्वस्तांनी ते शिक्षक निधीत टाकायला सांगितले.

आमची ती मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, तिनं आमचीच शाळा मागून घेतली. मास्तरांच्या खोलीत राहते. पहिल्या रविवारी चार घरांनी तिला जेवायला बोलावलं, तिला कुठं जावं कळेना. सोमवारी दहावीवर तिचा प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ आहे. काल ती कार्यालयात आली आणि म्हणाली, "बाई, काचेचे ठोकळे चार आहेत, पण एकाचा कोपरा उडालाय. मुलांचे चार गट करू की तीन?"

मी म्हटलं, चार कर. उडालेला कोपरा वरच्या बाजूला ठेव, टाचण्या खालून लावता येतात.